शेतांचे बांध व शिवेच्या खुणा : जवळा बाजारच्या शिवारानिमित्त कांहीं विचार

(१) प्रस्तावना

जुनीं दप्तरें, ताम्रपट, शिलालेख व नाणीं यांचा संग्रह आणि अभ्यास महाराष्ट्रांत शंभराहून अधिक वर्षें निष्ठेनें चालू आहे. परंतु ज्या जमिनीविषयीं हीं साधनें बोलतात ती जमीन स्वतःच एक साधन आहे, ही गोष्ट आमच्या अभ्यासांत अद्याप पुरेशी मुरलेली नाहीं. दानपत्रांतील चतुःसीमा आपण वाचतों; पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचें शेत, पश्चिमेस शीव, उत्तरेस वाट, इतकें टिपून घेतों आणि राजाचें नांव व मिती यांकडे वळतों. वस्तुतः तो ओढा, ती वाट व ती शीव पुष्कळ ठिकाणीं जागेवरच असते. कागद आणि बांध हे एकाच दस्तऐवजाचे दोन तुकडे होत. एक तुकडा संग्राहकाच्या पेटींत सुरक्षित आहे. दुसरा उघड्यावर आहे, आणि दर उन्हाळ्यांत थोडाथोडा नाहींसा होत आहे. हा दुसरा तुकडा कसा ओळखावा व कसा वाचावा, एवढेंच या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. उदाहरणादाखल हिंगोली जिल्ह्यांतील जवळा बाजारचें शिवार नजरेसमोर ठेविलें आहे. कारण मराठवाड्यांतील काळ्या रानाचे बहुतेक प्रश्न अशा गांवीं एकत्र भेटतात.

(२) स्थलपरिचय

जवळा बाजार हें गांव औंढा नागनाथ तालुक्यांत, औंढ्याहून परभणीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. उत्तरेस औंढ्याचे डोंगर, दक्षिणेकडे पूर्णा नदीचें खोरें. डोंगराच्या अंगाला मुरमाड व बरड जमीन, आणि खोऱ्याकडे उतरावें तसतशी खोल काळी. कापूस, ज्वारी, तूर व हळद हीं या टापूचीं परिचित पिकें होत.

राज्यकर्ते अनेक बदलले. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तो द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. हिंगोली जिल्हा परभणीपासून १ मे १९९९ रोजीं वेगळा झाला. या फेरफारांचा अभ्यासकास होणारा त्रास असा कीं, एकाच शेताचे कागद अनेक ठिकाणीं विखुरलेले असूं शकतात : कांहीं तहसिलींत, कांहीं परभणीच्या जुन्या दप्तरांत, कांहीं छत्रपति संभाजीनगर येथें, तर मोगल व आसफजाही अमदानीचे पुष्कळसे फारशी कागद हैदराबादच्या अभिलेखागारांत.

नांवाचीही अडचण आहे. जवळा नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक आहेत. खुद्द हिंगोली जिल्ह्यांतच कळमनुरी तालुक्यांत जवळा पांचाळ आहे. म्हणून लोकांनीं एकास बाजार, एकास पांचाळ अशीं उपपदें जोडिलीं. परंतु जुन्या मोडी कागदांत नुसतें 'मौजे जवळें' असें आढळलें, तर तें कोणतें, हें नांवावरून कळत नाहीं. परगण्याचें नांव फाटलेलें असलें म्हणजे तर निर्णयाचें एकच साधन उरतें, तें म्हणजे चतुःसीमा. शेजारच्या गांवांचीं नांवें, ओढ्याची दिशा, शिवेवरचें देवस्थान हीं जुळलीं तरच कागद त्या गांवचा. म्हणजे बांध व शीव यांचें ज्ञान ही कृषीच्या इतिहासाची हौस नव्हे. कागदाची ओळख पटविण्याचें तें आद्य साधन आहे.

(३) काळी व पांढरी

आपल्या पूर्वजांनीं गांवाच्या भूमीचे दोन भाग कल्पिले : वस्तीची ती पांढरी व पिकाची ती काळी. पांढरी म्हणजे घरांच्या भिंतींची माती, चुलींची राख, शेण व केरकचरा यांचा शतकानुशतकें सांचलेला थर. पुराणवस्तुशोधक पांढरीच्या टेकाडावर धांवतो, कारण तेथें खापरें, मणी व नाणीं मिळतात. काळीकडे तो क्वचित् पाहतो.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. पांढरीची माती खतासारखी उपयोगी म्हणून शेतकरी ती गाड्या भरून शेतांत टाकीत आले आहेत. मराठवाड्यांतील माळवदाच्या घरांवरही हीच माती पसरीत. त्यामुळें गांवापासून दूरच्या शेतांत जुनीं खापरें विखुरलेलीं सांपडलीं म्हणजे तेथें वस्ती होती असें अनुमान काढणें धोक्याचें असतें. वस्तीच्या जागीं खापरें दाट, मोठ्या तुकड्यांचीं, राख व दगडी पाया यांसह मिळतात. खताबरोबर आलेलीं खापरें विरळ, झिजलेलीं व बोटाच्या पेराएवढीं लहान असतात. परंतु दुसऱ्या प्रकारचीं खापरेंही निरुपयोगी नव्हत. एखादें शेत कोणत्या काळीं खत घालून कसलें जात होतें, याचा तो पुरावाच आहे. पश्चिम आशियांतील प्राचीन शहरांभोंवतीं अशा विरळ खापरांच्या पट्ट्यांवरून जुन्या लागवडीची मर्यादा आंखण्याचा प्रयत्न संशोधकांनीं केला आहे. आपल्याकडेही तो करण्याजोगा आहे.

ज्या मौजांत आज वस्ती नाहीं त्यांस महसुली भाषेंत बेचिराग म्हणतात. दिवा विझला, तरी शीव राहिली. गांव ओसाड झालें, तरी त्याचें नांव, त्याचा नकाशा व त्याचे बांध शेजारच्या गांवच्या लोकांनीं चालविले. १६३० ते १६३२ च्या दुष्काळानें दख्खनचीं असंख्य गांवें उठलीं. पुढें वसाहत करतांना जुन्याच शिवा शोधून काढाव्या लागल्या. बेचिराग मौजांच्या सीमा म्हणूनच विशेष लक्षपूर्वक पाहाव्या.

(४) नांगराचे तास टिकतात कोठें ?

जुन्या शेतीचा सर्वांत प्रत्यक्ष अवशेष म्हणजे नांगराचे तास. राजस्थानांत कालिबंगन येथें १९६० ते १९६९ या काळांत झालेल्या उत्खननांत, हडप्पा संस्कृतीच्या पूर्वपायरीचें, म्हणजे इ. स. पू. २८०० च्या सुमाराचें, नांगरलेलें शेत उघडकीस आलें. त्यांत एका दिशेचे तास सुमारें ३० सेंटिमीटर अंतरावर, व त्यांस छेदणारे तास सुमारें १ मीटर ९० सेंटिमीटर अंतरावर होते. त्या भागांत आजही जवळच्या तासांत हरभरा व लांबच्या तासांत मोहरी अशीं दोन पिकें एका शेतांत घेतात. चार-पांच हजार वर्षांची शेतीची रीत मातीवर लिहिलेली राहिली.

असें दृश्य जवळा बाजारच्या काळींत सांपडण्याची आशा धरूं नये. काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून तिला हात-दोन हात खोल भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडते, पुनः पाऊस आला कीं खालची वर दाबली जाते. शेतकरी म्हणतो कीं काळी स्वतःच स्वतःला नांगरते, तें शब्दशः खरें आहे. त्यामुळें तास, खड्डे, पातळ थर हे तिच्यांत पुसले जातात, आणि वरचें खापर खालीं गेल्यामुळें थरांवरून काढलेला कालनिर्णयही फसतो.

मग या मुलखांत काय टिकतें ? जें नांगराखालीं येत नाहीं तें : बांध, वाटा, पाट, विहिरी, दगड व झाडें. पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत जें उत्खनन केलें, त्यांत ताम्रपाषाणयुगीन वस्तीलगत पुराचें पाणी वळविणारा पाट व दगडांनीं बांधलेला बांध आढळला. त्याचा काळ इ. स. पू. १४०० ते १००० हा मानला जातो. महाराष्ट्रांत शेतीसाठीं घातलेल्या बांधाचा हा फार जुना नमुना होय. नांगराचा तास तेथेंही गेला. परंतु बांध राहिला.

परदेशांतील अनुभव हाच आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो परगण्यांत, पीट नांवाच्या दलदलीच्या मातीखालीं नवाश्मयुगीन शेतांच्या दगडी भिंती मैलोगणती सांपडल्या. त्यांची पहिली खूण १९३० नंतरच्या दशकांत सरपणासाठीं ती माती कापणाऱ्या एका शाळामास्तरास लागली, व पुढें त्याच्याच मुलानें त्यांचा शास्त्रीय शोध केला. इंग्लंडांत क्रॉफर्ड यांनीं १९२० नंतरच्या दशकांत विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून प्राचीन शेतांचे चौकोन दाखवून दिले. रोमन लोकांनीं मोजून दिलेल्या जमिनींचे सुमारें ७१० मीटर बाजूचे चौरस इटलींत अद्यापि रस्त्यांच्या व पाटांच्या रूपानें जिवंत आहेत. सांगावयाचें तात्पर्य, पिकें बदलतात, मालक बदलतात, राज्यें बदलतात. रेषा चिवट असते.

(५) लेखांतील शेतें

दक्षिणेंतील लेखांत शेताचा उल्लेख फार जुना आहे. नाशिकच्या त्रिरश्मि लेण्यांत उषवदातानें आपण एका ब्राह्मणापासून ४००० कार्षापणांस शेत विकत घेतल्याचें नमूद केलें आहे, व तें नगरसीमेवर वायव्येस असल्याचें सांगितलें आहे. त्याच डोंगरावर गौतमीपुत्र सातकर्णीच्या १८ व्या वर्षाच्या लेखांत, पूर्वीं उषवदाताकडे असलेलें २०० निवर्तनांचें शेत भिक्षूंस दिल्याची आज्ञा आहे. सहा वर्षांनीं, २४ व्या वर्षीं, दुसरी आज्ञा निघाली : कखडी गांवीं दिलेलें शेत कसलें जात नाहीं व गांवही वसत नाहीं, करितां नगराच्या सीमेवरील राजकीय शेतांतून १०० निवर्तनें द्यावीं. हा लेख आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. शेत ओसाड पडणें, गांव उठणें व दान दुसऱ्या जागीं फिरविणें, ही पुढें मराठी दप्तरांत शेंकडों वेळां भेटणारी घटना येथें दोन हजार वर्षांपूर्वीं राजाज्ञेंत कोरलेली आहे.

जवळा बाजारच्या परिसराशीं निगडित असे लेखही आहेत. १९३९ सालीं उजेडांत आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशीम ताम्रपट वत्सगुल्म येथून, राज्याच्या ३७ व्या वर्षीं दिलेला आहे. त्यांतील दत्त गांव नांदीकडच्या उत्तर मार्गांत होतें, आणि नांदीकड म्हणजे नांदेड असें विद्वानांनीं मानिलें आहे. वाशीम व नांदेड या दोहोंच्या मध्येंच हिंगोलीचा मुलूख येतो. वाशीमजवळच्या हिस्से बोराळा येथील शके ३८० (इ. स. ४५८) च्या शिलालेखांत सुदर्शन नांवाचें तळें बांधल्याची नोंद आहे. म्हणजे पांचव्या शतकांत या टापूंत पाण्याची व्यवस्था करून ती दगडावर नोंदविणारी सत्ता होती. त्याच वाकाटक घराण्याच्या दुसऱ्या शाखेंतील दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटांत १००० ब्राह्मणांस ८००० भूमि राजमानानें मोजून दिल्याचें लिहिलें आहे. राजमान हा शब्द लक्षांत घ्यावा. मोजण्याचें सरकारी माप ठरलेलें होतें. अर्थात् जमिनीवर त्या मापाच्या रेषाही पडल्या असल्या पाहिजेत.

यादवकाळीं बीड जिल्ह्यांत गोदातीरीं पुरुषोत्तमपुरी हा अग्रहार निर्माण झाला. रामचंद्र यादवाच्या शके १२३२ (इ. स. १३१०) च्या ताम्रपटावरून कळतें कीं, पूर्वींचीं कांहीं गांवें एकत्र करून तो नवा गांव केलेला होता. अशा प्रसंगीं बाहेरची शीव नवी व आंतील बांध जुने, अशी स्थिति होते. आंतील एखादी पाणंद विनाकारण वांकडी, लांबलचक व दोन्ही बाजूंनीं भक्कम बांधाची दिसली, तर ती मोडलेल्या गांवाची जुनी शीव असण्याचा संभव तपासून पाहावा.

(६) शीव कशी ठरे

सीमावादाचा निर्णय हा आपल्या धर्मशास्त्राचा एक स्वतंत्र विषय आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत, सीमेच्या खुणा ज्येष्ठ महिन्यांत स्पष्ट दिसतात म्हणून तेव्हां निर्णय करावा असें सांगितलें आहे. वड, पिंपळ, पळस, सांवर, शमी, वेळू अशीं झाडें लावावीं. दोन सीमा जेथें मिळतात तेथें तळीं, विहिरी व देवळें करावीं, असा उपदेश आहे. याहून महत्त्वाचें म्हणजे गुप्त खुणांचें विधान : दगड, हाडें, भुसा, राख, खापरें, वाळलेलें शेण, विटा, कोळसा, खडे व वाळू हीं शिवेवर पुरून ठेवावीं, म्हणजे लोक विसरले तरी जमीन विसरणार नाहीं. कौटिल्यानेंही शेजारच्या पांच किंवा दहा गांवच्या लोकांनीं स्वाभाविक व कृत्रिम खुणांवरून निर्णय करावा असें लिहिलें आहे.

मराठी दप्तरांतील शिवेचे तंटे हेंच शास्त्र प्रत्यक्षांत आणतात. उभय गांवचे पाटील, कुळकर्णी व बलुते, शेजारच्या गांवांचें गोत, देशमुख-देशपांडे यांच्या समक्ष महजर होई. पुरावा न जुळल्यास दिव्य. मानलेला मनुष्य शीव चालून दाखवी, त्याच्या पावलांमागें दगड रोंवले जात, आणि ती रेषा उभयतांस बंधनकारक होई. या कामीं गांवच्या महारांची साक्ष अग्रगण्य असे. शिवेची राखण हें त्यांचें वतनी काम होतें. एक कटु गोष्ट येथें नोंदविली पाहिजे. ज्यांच्या शब्दावर हजारों बिघ्यांची मालकी ठरे, त्यांच्या स्वतःच्या पदरीं अल्पशी वतनी जमीन व अपार वेठ असे. त्या व्यवस्थेविरुद्ध डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत बिल आणिलें. महजर वाचतांना साक्षीदारांच्या यादीचा शेवटचा भाग गाळण्याची संवय संपादकांस असते. शिवेच्या महजरांत तोच भाग सर्वांत मोलाचा समजावा.

शिवेवरच्या दगडांविषयीं दोन शब्द. गद्धेगाळ हे मुख्यतः कोंकण व पश्चिम महाराष्ट्रांत, शिलाहारांच्या काळापासून पुढें, मिळतात. सूर्य-चंद्र असेतोंवर दान चालावें व मोडणारास शाप लागावा हा त्यांचा आशय. गाय-वासराचे दगडही दानभूमीशीं संबद्ध असतात. मराठवाड्यांत शिवारांत म्हसोबा, मुंजा, मरीआई, आसरा यांचीं ठाणीं असतात, व पुष्कळदां तीं वाटेवर, पाण्यापाशीं किंवा शिवेवर येतात. परंतु कोरीव दगड मारुतीच्या पारावर आणून ठेवण्याची चाल सर्वत्र आहे. म्हणून पारावरचा दगड पाहून तेथेंच सीमा होती असें मानूं नये; तो कोठून आणिला हें वृद्धांस विचारावें. शेंदूर लावलेला प्रत्येक दगड प्राचीन नसतो, हेंही विसरूं नये.

(७) मोजणीच्या रेषा

सभासदाच्या १६९७ च्या बखरींत शिवकालीन मोजणीची रीत दिली आहे : पांच हात व पांच मुठींची काठी, वीस काठ्या लांब व तितकाच रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. हात दीड फुटाचा व मूठ तीन इंचांची धरल्यास काठी ८ फूट ९ इंच, बिघ्याची बाजू १७५ फूट व क्षेत्र सुमारें २८ गुंठे येतें. मोगली बिघा मात्र ६० गज लांब व ६० गज रुंद. हिंगोलीचा मुलूख शिवाजी महाराजांच्या मोजणीखालीं नव्हता. दख्खनच्या या भागावर मलिक अंबराच्या (मृत्यु १६२६) जमाबंदीचा, व पुढें औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारींत (१६५२ ते १६५८) मुर्शिद कुली खानानें आणिलेल्या मोजणीच्या पद्धतीचा प्रभाव होता. काठी परगण्यागणिक बदले. यास्तव अंतर जुळलें एवढ्यावरून बांधाचा काळ ठरवूं नये, परंतु अंतर मोजून ठेवण्यास हरकत नाहीं.

इंग्रजी मोजणीची सांखळी ३३ फुटांची. तिचा वर्ग तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. इंदापूर तालुक्यांत १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनीं आरंभिलेली ही पद्धति १८४७ च्या संयुक्त अहवालानें मुंबई इलाख्यांत पक्की झाली. निजामाच्या मराठवाड्यांतही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, पहिल्या सालारजंगाच्या सुधारणांनंतर, त्याच धर्तीवर पाहणी झाली. एका बैलजोडीस झेपेल इतकी जमीन तो एक नंबर, हें तत्त्व ठेवून जुन्या थळांचे व ठिकांचे तुकडे पाडले गेले. कोपऱ्यांवर दगड व मातीचे बुरूज घातले गेले. म्हणून आजच्या गांव-नकाशावर दोन थर एकमेकांवर पडलेले दिसतात : सरळ, कोनाकोनांच्या रेषा बहुधा पाहणीच्या, आणि ओढ्याबरोबर किंवा बैलांच्या वळणाबरोबर वळणाऱ्या रेषा बहुधा त्यापूर्वींच्या.

संग्राहकांस या मुलखांत विशेषतः मिळण्याजोगे कागद म्हणजे सेतवार, पाहणीपत्रक, खासरा पाहणीपत्रक (१९५४-५५ चें सर्वांस ठाऊक आहे), इनामांच्या सनदा व वांटणीपत्रें. कालगणनेसाठीं इतकें ध्यानांत असावें : हैदराबादी फसली सनांत ५९० किंवा ५९१, आणि शुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. सन १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. इनामें हैदराबादच्या १९५४ च्या कायद्यानें संपलीं. परंतु इनामी शेताचा बांध पुष्कळदां तसाच आहे, व लोकांच्या तोंडीं शेताचें नांवही.

(८) बांध कसा वाचावा

बांधाचें सापेक्ष वय ठरविण्यास पुढील कसोट्या उपयोगी पडतील.

पहिली कसोटी, दोन बाजूंच्या पातळींतील फरक. उतारावरच्या शेताची माती वाहून बांधाशीं सांचते व खालच्या शेताची बांधाच्या पायथ्यापासून झिजते. जितका काळ अधिक तितका फरक अधिक. एकाच उतारावरचे, एकाच मातीचे बांध परस्परांशीं ताडावे.

दुसरी, छेद. एक बांध दुसऱ्याशीं येऊन थांबतो कीं त्यास ओलांडून जातो हें पाहावें. जो थांबतो तो बहुधा मागाहूनचा. भावांच्या वांटण्यांचे बांध सहसा लांब पट्ट्यांचे असतात, कारण प्रत्येकास वरची बरड व खालची खोल जमीन सारखी मिळावी लागते. ते मूळ शेताच्या आडव्या बांधांस टेकून संपतात.

तिसरी, द्रव्य. नुसत्या मातीचा, वेंचलेल्या धोंड्यांचा, कीं घडीव दगडांचा ? वेंचलेल्या धोंड्यांची रास पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते. तळाचे धोंडे मातींत रुतलेले व वरचे मोकळे, असें असल्यास दीर्घ काळ समजावा.

चौथी, वनस्पति. निंब, बाभूळ, बोर, पळस, शमी हीं झाडें व कुंदा-हरळी यांची दाट मुळी बांध धरून ठेवते. जुनें खोड हा बांधाच्या किमान वयाचा साक्षीदार होय.

पांचवी, समतलता. जो बांध उताराच्या समपातळींत फिरतो आणि मालकीच्या रेषांस जुमानीत नाहीं, तो बहुधा मृद्संधारणाचा, म्हणजे अर्वाचीन. मुंबई प्रांतांत १९४२ च्या जमीनसुधारणा कायद्यापासून अशीं कामें झालीं, व १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमींतून मराठवाड्यांतही सर्वदूर झालीं. हे बांध प्राचीन म्हणून नोंदले जाण्याचा धोका मोठा आहे.

पाहणीस उत्तम काळ वैशाख-ज्येष्ठाचा. रान उघडें असतें, गवत वाळलेलें असतें, व तिरप्या उन्हांत सकाळीं लहानसा उंचवटाही सांवली टाकतो. स्मृतिकारांनीं ज्येष्ठ सांगितला तो याच कारणास्तव. आणखी एक साधन आतां उपलब्ध आहे. अमेरिकेच्या कोरोना नांवाच्या हेर उपग्रहांनीं १९६० ते १९७२ या काळांत घेतलेलीं छायाचित्रें १९९५ सालीं खुलीं झालीं. पूर्णेवरील येलदरी व सिद्धेश्वर धरणांचें काम त्याच कालखंडांत झालें. कालवे फिरण्यापूर्वींचें व यंत्रें येण्यापूर्वींचें शिवार ज्या छायाचित्रांत मिळेल, त्यांची तुलना गांव-नकाशाशीं करावी.

(९) काय जात आहे

बांध कोरणें हा आपल्याकडील जुना रोग आहे. वखराच्या प्रत्येक पाळीस दोन बोटें, अशा रीतीनें चार हातांचा बांध एका पिढींत एक हाताचा होतो, व भाऊबंदकीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. परंतु त्या रोगानें बांध अरुंद झाला तरी रेषा राहत असे. अलीकडचा बदल निराळ्या जातीचा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानें जेथें योजना झाली तेथें सर्व्हे नंबर जाऊन गट आले. त्यामुळें जुना कागद व नवा नकाशा यांची सांगड तुटली. खोदाई यंत्रांनीं एका दिवसांत चार बांध मोडून सपाट रान करितां येतें. मोजणी आतां उपग्रहांच्या आधारें होते. ती अचूक आहे हें खरें, परंतु तिला शिवेच्या दगडाची गरज नसल्यामुळें दगड निरुपयोगी ठरून घराच्या पायांत जातो.

कायद्याचें संरक्षण येथें अपुरें आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत हद्दीच्या खुणा राखण्याचें कर्तव्य सांगितलें आहे, पण तें आजच्या हद्दीपुरतें. कालच्या हद्दीस तेथें स्थान नाहीं. प्राचीन स्मारकांचे १९५८ व १९६० चे कायदे देवळें, किल्ले व लेणीं यांसाठीं उपयोगी पडतात. शेताच्या बांधास स्मारक म्हणून घोषित करणें व्यवहार्य नाहीं आणि शेतकऱ्यावर तसा भार घालणें न्याय्यही नाहीं. त्याची जमीन त्याच्या पोटाचें साधन आहे. त्यानें बांध मोडूं नये असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. मोडण्यापूर्वीं तो नोंदून ठेवण्याची जबाबदारी मात्र आमची आहे. कागदाचें तसें नाहीं : ७५ वर्षांहून जुनें, ऐतिहासिक मोलाचें हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तु कायद्याच्या कक्षेंत येतें. एकाच दस्तऐवजाच्या एका तुकड्यास कायद्याचा आधार, आणि दुसऱ्यास केवळ आमच्या टिपणवहीचा.

(१०) विनंती

यास्तव संग्राहक व अभ्यासक यांस आमची विनंती अशी. ज्याच्या संग्रहीं एखाद्या गांवचा महजर, सनद, वांटणीपत्र किंवा सेतवार असेल, त्यानें त्यांतील सीमावाचक शब्द निराळे काढून एक तक्ता करावा : शेताचें नांव, चारी दिशांच्या खुणा, माप, साक्षीदार, व सन. मग उन्हाळ्यांत त्या गांवीं जाऊन, जमीनधारकाची परवानगी घेऊन, प्रत्येक खुणेपुढें ती आज आहे, हललेली आहे कीं नाहींशी झाली आहे, हें लिहावें. बांधाची उंची, रुंदी, दोन बाजूंच्या पातळींतील फरक, दगडाची जात व झाडें टिपावीं. खणूं नये, दगड उचलूं नये. पुरलेली राख व कोळसा जागेवरच असला तर पुरावा, घरीं आणिला तर केर. शेतांचीं लोकांच्या तोंडचीं नांवें अवश्य लिहून घ्यावीं, कारण गट क्रमांकाबरोबर तीं सर्वांत आधीं मरतात.

एका गांवचें असें काम दोन उन्हाळ्यांत पुरें होण्यासारखें आहे. जवळा बाजारसारखें पेठेचें गांव, त्याच्या भोंवतालचीं खेडीं, औंढ्याच्या डोंगरापासून पूर्णेपर्यंतचा उतार, इतका एक पट्टा जरी या रीतीनें नोंदला गेला, तरी मराठवाड्याच्या ग्रामव्यवस्थेविषयीं आज जें आपण केवळ कागदावरून बोलतों, तें जमिनीवर उभें राहून बोलतां येईल. आणि 'मौजे जवळें' एवढेंच लिहिलेला एखादा अनाथ कागद कोणाच्या पेटींत असेल, तर त्यास त्याचें गांव परत मिळेल.